भुयारी मेट्रोत रेंज हवी, तीही पहिल्या दिवसापासून

मुंबईची पहिली भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, 27 स्थानके, त्यांतली 26 जमिनीखाली आणि खर्च 37 हजार कोटी रुपयांच्या घरात. गिरगाव, काळबादेवी, वरळी, सिद्धिविनायक असे गजबजलेले भाग एका गाडीने थेट विमानतळाशी जोडले गेले. शहराने अभिमानाने मिरवावे असेच हे काम आहे. पण सरकत्या जिन्याने खाली उतरताच बहुसंख्य प्रवाशांच्या मोबाइलची रेंज जात होती. ती परत यायची थेट वर, रस्त्यावर आल्यानंतर.

फोन बंद म्हणजे नुसत्या गप्पा बंद, असे मानण्याचे दिवस गेले. मेट्रोचे तिकीट फोनवर, त्याचे पैसे यूपीआयने, वर आल्यावरची रिक्षा किंवा टॅक्सीही फोनवरच. खिशात सुटे पैसे बाळगण्याची सवय मुंबईकराने केव्हाच सोडली आहे, आणि ती सोडावी म्हणून सरकारनेच त्याला वर्षानुवर्षे उत्तेजन दिले. तोच माणूस तिकीट खिडकीपाशी क्यूआर कोडसमोर उभा राहतो आणि पैसे जात नाहीत. अखेर मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने तिकीट काढता यावे म्हणून स्थानकांच्या तिकीटघराच्या मजल्यावर मोफत वायफाय दिले. सोय झाली, पण त्या मजल्यापुरती. खाली फलाटावर आणि धावत्या गाडीत प्रश्न तसाच राहिला.

यात तंत्रज्ञानाचा काही अडसर होता का? अजिबात नाही. माती, खडक आणि काँक्रीट यांतून मोबाइलच्या लहरी फार खोल शिरत नाहीत, हे खरे. म्हणून बोगद्याच्या भिंतीवरून एक खास केबल ओढतात. तिच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर बारीक चिरा असतात आणि शेतातल्या ठिबकच्या नळीतून पाणी झिरपावे तशा त्यांतून लहरी डब्यापर्यंत झिरपतात. स्थानकांत छोटे अँटेना बसवतात आणि सगळे फायबरने एकमेकांना जोडतात. जगभर हे जुने झालेले काम आहे. आपल्याकडेही मार्च 2024 मध्ये कोलकात्यात हुगळीच्या पात्राखालून मेट्रो सुरू झाली, तेव्हा त्या मार्गावर फाइव्ह-जी सेवा देत असल्याचे एअरटेलने जाहीर केले. नदीखाली जे जमते, ते दादरखाली न जमण्याचे कारण नाही.

अडले ते पैशांवर आणि हक्कावर. मेट्रो कॉर्पोरेशनने भुयारातली ही यंत्रणा उभारण्याचे काम निविदेद्वारे एसीईएस या त्रयस्थ कंपनीकडे सोपवले. तिने एकच सामायिक जाळे टाकावे आणि सर्व मोबाइल कंपन्यांनी भाडे भरून ते वापरावे, अशी ही रचना. भाडे अवाच्या सवा आहे, असे मोबाइल कंपन्यांचे म्हणणे पडले. आम्हाला जागा द्या, आम्ही मिळून स्वतःचे जाळे टाकतो, अशी भूमिका त्यांच्या संघटनेने घेतली आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातल्या मार्गाधिकाराकडे, म्हणजे केबल टाकायला जागा मिळण्याच्या हक्काकडे, बोट दाखवले. कॉर्पोरेशनचे उत्तर असे की कंत्राटदार खुल्या प्रक्रियेतून निवडलेला आहे. पत्रे गेली, निवेदने निघाली, आणि दरम्यान रोज लाखांच्या आसपास माणसे रेंजविना प्रवास करीत राहिली.

सामायिक जाळ्याची कल्पना मुळात वाईट नाही. बोगद्यात जागा थोडी असते, तिथे तीन-चार कंपन्यांनी आपापली केबल टाकणे अशक्यच. प्रश्न आहे तो दराचा, आणि दर ठरेपर्यंत कोणी थांबायचे याचा.

हेच भांडण टोरंटोने दशकभर भोगले आहे. तिथल्या परिवहन मंडळाने 2012 मध्ये बीएआय या कंपनीशी 20 वर्षांचा करार केला. कंपनीने स्थानकांत यंत्रणा बसवायला घेतली, पण रॉजर्स, बेल आणि टेलस या कॅनडातल्या तीन बलाढ्य मोबाइल कंपन्या तिच्यावर यायला तयार नव्हत्या. एका लहान कंपनीच्या ग्राहकांना जमिनीखाली सेवा मिळू लागली. बाकीच्यांच्या हाती फक्त स्थानकातले वायफाय. वर्षे अशी जात राहिली. मार्च 2023 मध्ये एका सबवे स्थानकात 16 वर्षांच्या मुलाचा भोसकून खून झाला आणि संकटात सापडलेल्या प्रवाशाने मदत मागायची कशी, हा प्रश्न शहराने संतापून विचारला. त्यानंतर चक्रे फिरली. रॉजर्सने बीएआयचा कॅनडातला व्यवसाय विकत घेतला, तेव्हा बाकीच्या दोघींची तक्रार सुरू झाली. शेवटी सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी परवान्याच्या अटीच बदलल्या आणि सर्व कंपन्यांच्या ग्राहकांना 3 ऑक्टोबरपर्यंत सेवा मिळाली पाहिजे, असे बजावले. दहा वर्षे न सुटलेली गाठ सरकारने मनावर घेताच काही आठवड्यांत सैल झाली.

मुंबईत तर सरकारला दूर कुठे शोधायलाही नको. ही भुयारी मेट्रो बांधणारे कॉर्पोरेशन केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीचे आहे. मोबाइल कंपन्यांना परवाने देणारे दूरसंचार खाते केंद्राचेच. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला सरकारचीच संस्था, आणि दुसऱ्या बाजूला बसलेल्या कंपन्यांचे परवानेही सरकारच्या हाती. अशा वेळी वाद वाटाघाटींवर सोडून देणे हा निर्णयच असतो, आणि तो प्रवाशांच्या विरोधात जातो.

सुरक्षिततेचा मुद्दा कॅनडापुरता नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात नोव्हेंबर 1987 मध्ये लागलेल्या आगीत 31 माणसे मेली. भुयारात बचाव पथकांचे रेडिओ चालले पाहिजेत, असे चौकशी अहवालाने तेव्हाच बजावले होते. 7 जुलै 2005 रोजी लंडनच्या भुयारी गाड्यांत बॉम्ब फुटले, तेव्हा ते काम अपुरेच होते. निरोप पोहोचवायला माणसे बोगद्यातून पळत वर येत होती, आणि लंडन असेंब्लीच्या समितीने पुढच्या वर्षी या दिरंगाईवर कठोर ताशेरे ओढले. दक्षिण कोरियात देगू इथे फेब्रुवारी 2003 मध्ये भुयारी गाडीला लावलेल्या आगीत 192 जण गेले. कित्येकांनी जळत्या डब्यांतून घरी शेवटचे फोन केले. फोनने ते वाचले नाहीत, हे सत्य आहे. पण संकटातल्या माणसाला आवाज बाहेर पोहोचवण्याचा हक्क असतो, हे त्या फोनांनी जगाला कायमचे सांगून ठेवले.

मेट्रोच्या डब्यात चालकाशी बोलण्याचे बटण असते, स्थानकात कर्मचारी असतात, मेट्रोची स्वतःची रेडिओ यंत्रणाही असते. ती सगळी हवीच. मात्र कोणी पाठलाग करीत असलेली मुलगी सर्वांदेखत बटण दाबायला धजेलच असे नाही. ती भावाला किंवा मैत्रिणीला गुपचूप निरोप धाडेल. छातीत दुखू लागलेल्या आजोबांना आपल्या डॉक्टरचा आवाज हवा असतो. आणि गाडी बोगद्यात थांबली की हजारभर माणसांना एकाच वेळी घरी कळवायचे असते. आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, 26 मे 2025 च्या पावसात त्यात पाणी घुसले आणि सेवा वरळीपर्यंत आखडती घ्यावी लागली. मुंबईच्या पावसाळ्यात असा प्रसंग पुन्हा येणार हे गृहीत धरूनच तयारी असायला हवी.

रेंज आली की डब्यात कलकलाट वाढेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती खोटी नाही. लोकलमध्ये इअरफोनविना रील ऐकणाऱ्यांचा जाच सगळ्यांनी सोसला आहे. पण जपानने भुयारी गाड्यांत उत्तम नेटवर्क दिले आणि डब्यात फोनवर न बोलण्याची शिस्तही टिकवली. गोंगाटावर उपाय नियमांचा आणि सततच्या उद्घोषणांचा. त्यासाठी लाखो लोकांना मुके करणे न्यायाचे नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे: जाळ्याची कळ कोणाच्या हाती? सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट या रेल्वे संस्थेने ऑगस्ट 2011 मध्ये आंदोलन रोखण्यासाठी आपल्या भुयारी स्थानकांतली मोबाइल सेवाच बंद केली. देशभर गदारोळ झाला, केंद्रीय दूरसंचार आयोगाने लक्ष घातले आणि बार्टला सेवा खंडित करण्याबाबत लेखी धोरण करावे लागले. भारतात इंटरनेटबंदीचे आदेश नवे नाहीत. म्हणून भुयारातली सेवा कोण, कोणत्या आदेशाने, किती वेळ थांबवू शकेल, हे करारातच लिहिलेले हवे.

तिकिटांखेरीज उत्पन्न मिळवणे ही मेट्रोची खरी गरज आहे. जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज फेडायचे आहे, आणि भाडे परवडणारेही ठेवायचे आहे. जाहिराती, दुकाने, स्थानकांची नावे यांतून तिने जरूर कमवावे. रेंजचे तसे नाही. जमिनीखाली ग्राहकाला दुसरा पर्यायच नसतो, त्यामुळे मालक मागेल तो दर हा बाजारभाव ठरत नाही. दर नियामकाने ठरवावा, यंत्रणेचा खर्च आणि वाजवी परतावा निघेल एवढाच. आणि तो ठरल्यावर मोबाइल कंपन्यांनाही अंग काढून घेण्याची मुभा नको. शहराच्या रस्त्यांवर व्यवसाय करायचा आणि भुयारातला ग्राहक वाऱ्यावर सोडायचा, हे चालू देऊ नये.

उशिराची किंमत न्यूयॉर्ककडून समजून घ्यावी. 1904 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या सबवेच्या सर्व भुयारी स्थानकांत मोबाइल सेवा आली ती 2017 मध्ये. बोगद्यांत ती नेण्याच्या कामाला 2022 मध्ये मंजुरी मिळाली, आणि दिवसरात्र धावणाऱ्या गाड्यांमधून वेळ काढत ते रखडतखडत चालले. लंडननेही 2021 मध्ये 20 वर्षांचे कंत्राट देऊन जुन्या बोगद्यांत केबल ओढायला घेतली. त्या शहरांचा नाइलाज होता, बोगदे मोबाइलच्या आधीचे होते. आपले बोगदे मोबाइलच्या नंतरचे आहेत.

पुण्यात स्वारगेट ते कात्रज भुयारी मार्ग व्हायचा आहे, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचे काम हाती आहे, बुलेट ट्रेन वांद्रे-कुर्ला संकुलातून 21 किलोमीटरच्या बोगद्याने शिळफाट्याकडे जाणार आहे आणि त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. या प्रत्येक कामाच्या निविदेतच मोबाइल यंत्रणा असावी आणि तिचे दर आधीच ठरलेले असावेत. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त रूळ, सिग्नल, वायुवीजन तपासूनच प्रवासी वाहतुकीला परवानगी देतात. त्या तपासणीच्या यादीत आणखी एक ओळ घालावी: प्रत्येक फलाटावरून आणि प्रत्येक बोगद्यातून, कोणत्याही कंपनीच्या फोनवरून मदतीचा 112 हा क्रमांक लागला पाहिजे. तो लागत नसेल, तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकलावी.