तटस्थतेच्या नावाखालचा गोंधळ

ज्ञानकोशात भारत-पाक युद्धांतील विमानहानीचा तक्ता पाहावा. एका रकान्यात भारताचा दावा, दुसऱ्यात पाकिस्तानचा, तिसऱ्यात ‘तटस्थ’ अंदाज. वाचक तिन्हींचा मध्य काढतो आणि इतिहास समजल्याच्या समाधानात पान उलटतो. परंतु मोजले काय, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

झुंजीत पाडलेले विमान, विमानवेधी तोफेला बळी पडलेले, अपघातात गेलेले आणि तळावर उभे असताना जळालेले, या सर्वांची एकच बेरीज कशी होईल? ६ सप्टेंबर १९६५ रोजी पठाणकोटला आपली विमाने जमिनीवरच नष्ट झाली. ती हानी खरीच; पण तिला हवाई झुंजीतील पराभव म्हणणे ही दिशाभूल होय.

तारखांचेही तसेच. बोयराच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर पाडली, दोन वैमानिक जिवंत हाती लागले, ती तारीख २२ नोव्हेंबर १९७१. औपचारिक युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले. हिशेब तेथून मांडला की बोयरा पुसले जाते! आणि ढाक्याच्या तेजगाव तळावर पाकिस्तान्यांनी स्वहस्ते निकामी केलेली सेबर कोणत्या रकान्यात घालायची?

या धूसरतेची किंमत कोण मोजतो? ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावरील हल्ल्यातून स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. आपल्या दप्तरी ते केवळ बेपत्ता. जुन्या मिस्टेअर विमानातून त्यांनी अत्याधुनिक स्टारफायटर पाडल्याचे जगाला कळले ते १९७९ साली, जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकामुळे. मरणोत्तर महावीरचक्र मिळाले १९८८ मध्ये. तेवीस वर्षे! शत्रूच्या बाजूने लिहिणाऱ्याने सांगावे तेव्हा आपल्याला आपला वीर सापडावा, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय?

म्हणून केवळ कोशकारांना दूषणे देऊन भागणार नाही. आम्हाला फुगवलेले आकडे नकोत. ते शत्रूला लखलाभ. प्रत्येक विमानापुढे दिनांक, स्थळ, वैमानिक, कारण आणि आधार असावा. शासनाने युद्धनोंदी खुल्या कराव्यात, अभ्यासू तरुणांनी त्या पडताळाव्यात. सत्य भारताच्या बाजूचे असेल तेथे ते ठासून मांडावे. नसेल तेथे निर्भयपणे स्वीकारावे. आपल्या हुतात्म्यांची नोंद नेमकेपणाने ठेवणे हे राष्ट्राचे ऋण आहे, आणि ते अंदाजाने फिटत नाही.