ढिगात हात घालून पाहावा

आखातातून सुट्टीवर येणारी आपली मुले हल्ली गावात पाऊल ठेवण्याआधीच गाडीचा सौदा ठरवून टाकतात. मोबाईलवर फोटो येतो: लाल किंवा पिवळा रंग, रुंद टायर, काळ्या काचा. "अब्बा, नव्या गाडीच्या निम्म्या किमतीत मिळते आहे. तुम्ही फक्त जाऊन टोकन द्या." अब्बा बिचारे शेजारच्या कुणाला तरी सोबत घेतात, गाडीभोवती दोन फेऱ्या मारतात, हॉर्न वाजवून पाहतात आणि मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या कष्टाची कमाई दुसऱ्याच्या हातावर ठेवून येतात.

स्पोर्ट्स गाडी घ्यावी की नाही, यावर आम्ही येथे उपदेश करणार नाही. कमाई हलाल असेल, घरच्या जबाबदाऱ्या भागल्या असतील, तर तरुणाने हौस करावी. आमचे म्हणणे एवढेच, की जुनी गाडी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसा देऊ नये. आणि गाडी वेगाची असेल तर मुळीच देऊ नये.

वेगाच्या गाडीसाठी एवढा आग्रह का? आपल्या गावांत स्पोर्ट्स गाडी म्हणून जी घेतली जाते ती बहुधा दोन दारांची खरीखुरी स्पोर्ट्स कार नसते. पुण्याजवळ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या. 2013 मध्ये बाजारात आलेली ही गाडी दिसायला घरगुती, पण इंजिन टर्बोचे आणि गिअरबॉक्स दोन क्लचचा ऑटोमॅटिक. अशा गाड्या मुले चालवण्याच्या आनंदासाठी घेतात. त्यामुळे आधीच्या मालकाने ती जपून चालवली की रोज रात्री हायवेवर ताणली, यावर सगळे अवलंबून असते, आणि ते फोटोत दिसत नाही. शिवाय एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी निम्म्या किमतीत मिळाली म्हणून तिचा टर्बो किंवा गिअरबॉक्स कुणी निम्म्या किमतीत देत नाही.

तरीही तपासणीचे नाव काढले की घरात एकच उत्तर मिळते. "ओळखीचा माणूस आहे. मेकॅनिक घेऊन गेलो तर त्याला काय वाटेल?" कितीतरी घरांचे पैसे या संकोचापायी बुडतात.

बकरी ईदला आपण बकरा घ्यायला जातो तेव्हा काय करतो? तोंड उघडून दात पाहतो. डोळे, कान पाहतो. चार पावले चालवून पाहतो, लंगडत तर नाही ना. सोबत असा एखादा चाचा नेतो, ज्याला त्यातले कळते. विकणारा रागावत नाही, उलट स्वतःच बकऱ्याचे तोंड उघडून दाखवतो. मुलीचे स्थळ आले की चार ठिकाणी चौकशी करतो, त्यालाही कुणी अविश्वास म्हणत नाही. मग बकऱ्याच्या कितीतरी पट किमतीच्या गाडीपाशीच आपली जीभ का अडखळावी?

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये नेमका जुन्या गाड्यांच्या बाजाराचाच दाखला घेऊन एक लेख लिहिला. पुढे 2001 साली त्यांना आणखी दोघांसोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या लेखाचा वाटा मोठा होता. म्हणणे साधे आहे. गाडीचे खरे रूप विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा भीतीपोटी प्रत्येक गाडीला कमीच भाव देतो. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो ती विकायलाच काढत नाही आणि बाजारात खराब माल तेवढा उरतो. म्हणजे तपासणीचा फायदा प्रामाणिक विकणाऱ्यालाही होतो. त्याच्या गाडीला योग्य भाव मिळायचा तर ती चांगली आहे हे कुणीतरी तिसऱ्याने सांगावे लागते.

आता तपासणी कशी करावी ते पाहू.

पहिली पायरी कागदपत्रांची, ती जवळपास फुकटात होते. गाडीच्या नंबरावरून परिवहन विभागाच्या अॅपवर कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. थकलेली चलने पाहावीत. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून हिशेब करावा. सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून किलोमीटर वाचावेत. आकडा मध्येच मागे गेला असेल तर पुढचे काही पाहायची गरजच नाही.

दुसरी पायरी मेकॅनिकची. तो आपला असावा. विकणाऱ्याचा नको आणि दलालाचाही नको. त्याची फी आपण द्यावी, म्हणजे तो आपल्याशी खरे बोलेल. त्याला त्या कंपनीच्या गाड्यांची सवय असावी आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहण्याची सोय असावी.

इंजिन थंड असतानाच गाडी पाहायला जावे. आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर कारण विचारावे. थंड इंजिन सुरू करताना होणारा खडखडाट आणि निळसर धूर पुष्कळ सांगून जातात. निळा धूर म्हणजे इंजिनात ऑईल जळते आहे. टर्बोच्या गाडीत ते टर्बोतून येते की इंजिनातून, हे शोधणे मेकॅनिकचे काम.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असते. कंपनीचा मूळ रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर तोच आकडा दुप्पट-तिप्पट आला तर तेथे पुन्हा रंग मारलेला आहे, आणि फारच वाढला तर खाली लांबी भरलेली आहे. एखादे दार रंगवलेले असणे हा गुन्हा नव्हे, आपल्या गल्ल्यांत गाडीला खरचटतेच. पण पुढचा सांगाडा कापून जोडलेला असेल तर ती गाडी सोडावी.

स्कॅनर लावून इंजिनाचा कॉम्प्युटर वाचून घ्यावा. आदल्या दिवशी दोष पुसून टाकले असतील तर जाणकाराला तेही कळते. जास्त ताकदीसाठी कॉम्प्युटरमध्ये फेरफार केला आहे का, सायलेन्सर बदलला आहे का, गाडी खाली बसवली आहे का, हे स्पष्ट विचारावे. असे बदल आरटीओत अडचण करतात आणि विम्याच्या दाव्यात कंपनीला हरकत घ्यायला जागा देतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी जुने रबर ब्रेक मारताना दगा देते. टायर एका कडेनेच झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा खालचे काहीतरी वाकले आहे. ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. उद्या याच गाडीत अम्मी आणि लहान मुले बसून कशेडी किंवा आंबा घाट उतरणार आहेत.

कोकणातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाडला पूर आला, त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. पुरातली गाडी धुऊन-पुसून कुठल्याही शहरात विकायला उभी राहू शकते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ दिसते. गालिचा उचलावा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ पाहावा. अत्तराचा वास फार येत असेल तर नाक आणखी जवळ न्यावे.

शेवटी गाडी चालवून पाहावी, निदान अर्धा तास, गर्दीतही आणि मोकळ्या रस्त्यावरही. दोन क्लचच्या गिअरबॉक्सची खरी परीक्षा गर्दीत सरकताना होते. तेथे धक्के किंवा थरथर जाणवली तर पुढे मोठा खर्च उभा आहे असे समजावे.

आमच्या परिचयाच्या एका घरातली गोष्ट सांगतो. मुलगा कुवेतला, गाडी मामांच्या दोस्ताची. अब्बा टोकन द्यायला निघाले होते. धाकट्या मुलीने हट्टच धरला, "मेकॅनिकला दाखवल्याशिवाय नको." मेकॅनिकने किल्ली फिरवली आणि त्याच्या लक्षात आले, की एअरबॅगचा दिवा पेटतच नाही. हा दिवा आधी पेटावा आणि काही क्षणांत विझावा. पेटलाच नाही म्हणजे कुणीतरी तो बंद केला आहे. स्कॅनर लावला, आतले उघडून पाहिले, तर स्टिअरिंगमध्ये एअरबॅगच नव्हती. एका जुन्या अपघातात ती फुटली होती आणि वर नुसते झाकण बसवले होते. मामांच्या दोस्ताला याचा पत्ता नव्हता. त्याने गाडी तशीच विकत घेतली होती आणि दोन वर्षे तीच गाडी बायकामुलांना घेऊन चालवत होता. सौदा झाला नाही, पण तोच माणूस त्या मुलीचे आभार मानायला घरी आला. तपासणीने नाते तुटते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मेकॅनिकचा अहवाल हाती आला की दोषांचे तीन भाग करावेत. टायर, बॅटरी यांसारख्या गोष्टींचे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत. क्लच, सस्पेन्शन यांचा खर्च लेखी अंदाजासह ठरवावा. सांगाडा, पूर किंवा कागदपत्रांचा घोळ असेल तर सलाम करून परत यावे. टोकन द्यावेच लागले तर पावतीवर "तपासणी समाधानकारक झाल्यास" एवढे शब्द लिहून घ्यावेत.

विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपल्या घराघरांत माहीत आहे. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी विचारणा झाली. गाडीचा ऐब स्वतःहून सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. आणि ढिगात हात घालून पाहण्यात लाजण्यासारखे काही नाही, हेही त्याच प्रसंगातून शिकावे.

गाडी विकल्यावर नाव बदलले की नाही, याचीही खात्री करावी. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंद जुन्याच नावावर राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

मेकॅनिकच्या फीचे काही रुपये वाया गेले असे गाडी चांगली निघाल्यावर वाटते. ते वाया जात नाहीत. मुलगा परत कुवेतला जातो, गाडी अंगणात राहते आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली की घरचे तिच्यात बसतात. त्या वेळी ब्रेक लागतील ही खात्री त्या पैशांतून आलेली असते.