पगारातून कापलेले २०० आणि पोरांचे २,२५०

अंधेरीच्या कंपनीत किंवा घाटकोपरच्या दुकानात कामाला असलेल्या आपल्या गावच्या माणसाची पगाराची पावती एकदा नीट बघा. १०,००० च्या वर पगार असेल तर दर महिन्याला 'पी.टी.' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. बायकांना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे. हा व्यवसाय कर. तो कशासाठी सुरू झाला, हे कापून घेणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. पण पैसा आणायचा कुठून? म्हणून १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा झाला आणि १९७७ ला रोजगार हमी कायदा. शहरातल्या नोकरदाराकडून कर घ्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि तो पैसा खेड्यातल्या हाताला काम द्यायला वापरायचा. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. हक्कही कायद्यात आणि पैशाची सोयही कायद्यात. कर गोळा होतो तेवढा कामावर खर्च होत नाही, अशी टीका पुढे अनेक वर्षं झाली. पण टीका करता आली, कारण हिशेब कायद्यात लिहिलेला होता.

आता पोरांचं बघू.

बाप वारला, आई एकटी. किंवा दोघंही नाहीत आणि पोरं आजीकडे आहेत. अशा मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत महिन्याला २,२५० रुपये. २०२३ पर्यंत हे १,१०० होते. वाढ झाली ते चांगलंच झालं. पण ही योजना जी.आर.वर, म्हणजे शासन निर्णयावर चालते. तिच्यासाठी वेगळा कर नाही, राखून ठेवलेला निधी नाही. अर्थसंकल्पात तरतूद होईल तशी आणि तिजोरीतून रक्कम सुटेल तसा पैसा खात्यात येतो. म्हणूनच चार-सहा महिने पैसे थकल्याच्या तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून येत राहतात. आजीने किराणा उधार आणला, तर दुकानदाराला जी.आर. दाखवून चालत नाही.

लाडकी बहीण योजनाही जी.आर.वरच आहे. २०२४ ला जाहीर करताना वर्षाला ४६,००० कोटी सांगितले होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले. ही रक्कम कमी-जास्त करायला कुठला कायदा बदलावा लागत नाही. फरक एवढाच की लाडक्या बहिणी मतदार आहेत, हप्ता चुकला की गावभर बोभाटा होतो. बालसंगोपनातल्या पोराला मत नाही आणि त्याच्या आजीला विचारणारं कुणी नाही.

याउलट अंगणवाडीचा आहार घ्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाला तो हक्क म्हणून मिळालाय. नाही मिळाला तर तक्रार करायला जिल्ह्यात अधिकारी आणि वर राज्य अन्न आयोग आहे. कायदा केला म्हणजे भात आपोआप शिजतो असं नाही. पण नाही शिजला तर जाब विचारायला जागा असते.

मग कायद्यात पोरांसाठी पैशाची काहीच सोय नाही का? आहे, पण अर्धवट. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार राज्याला मुलांसाठी निधी उभारता 'येतो'. उभारलाच पाहिजे, असं त्यात नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पण ज्या ग्रामपंचायतीची घरपट्टीच वसूल होत नाही, तिचे १० टक्के असून असून किती असणार? आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात तर अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे ३ तालुके असूनही ग्रामपंचायत एकही नाही, जिल्हा परिषदही नाही. आरे कॉलनीतल्या किंवा राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यावरच्या आईला ग्रामसभेत उठून विचारायचीही सोय नाही.

म्हणजे मागणी नवीन योजनेची नाही, कायद्याची आहे. रक्कम किती, ती दर महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, थकली तर जबाबदार कोण आणि पैसा कोणत्या निधीतून येणार, या ४ गोष्टी विधिमंडळाने कायद्यात लिहाव्यात. ५० वर्षांपूर्वी याच महाराष्ट्राने मजुरासाठी हे करून दाखवलंय. तेव्हा राज्य आजच्याएवढं श्रीमंत नव्हतं.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. आई किंवा वडील वारलेत, एकाने सोडून दिलंय, गंभीर आजार आहे किंवा पालक तुरुंगात आहेत, असं मूल तुमच्या वस्तीत असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. मंजुरीचा आदेश बाल कल्याण समिती देते. आधार, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा. मूल अडचणीत असेल तर १०९८ ला फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि येत्या ग्रामसभेत १० टक्क्यांचा हिशेब मागा. तोंडी नको, लेखी मागा.