घर कोण पाहणार?

श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलगे शिकावयास बाहेर पडत आले आहेत. घरचा कर्ता पुरुषसुद्धा पुढील अभ्यासासाठी मुंबईस किंवा पुण्यास जाऊन राहिला, तर त्यात कोणास वावगे वाटत नाही. त्याच्या मागे वाडीचे शिंपणे, सुपारी वाळविणे, वृद्धांचे औषधपाणी ही सारी कामे पत्नी पाहते. आणि ती पाहते, याचा उच्चारही होत नाही. परंतु त्याच घरातील आईने पदवीनंतरचा अभ्यास करावयाचे ठरविले, की पहिला प्रश्न येतो, "मग घर कोण पाहणार?"

प्रश्न वाईट नाही. घर आपोआप चालत नाही, एवढे तरी तो कबूल करतो. त्याचा दोष हाच, की तो एकटीलाच विचारला जातो.

इरावती कर्वे यांचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तेथील इरावती नदीचे नाव त्यांना मिळाले. शिक्षण मात्र पुण्यात झाले. त्यांचे पती दिनकर धोंडो कर्वे यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली होती. पत्नीनेही तेथे जाऊन शिकावे, असे त्यांनी मनात घेतले. १९२८ साली इरावतीबाई मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. झाल्या आणि त्याच वर्षी बर्लिनला गेल्या.

येथे एक नवल घडले. दिनकररावांचे वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९६ साली विधवांसाठी आश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणारा हा थोर पुरुष. पण सुनेच्या या परदेशगमनास त्यांचा विरोध होता! त्याने महर्षींचे कार्य उणे होत नाही. मात्र इतरांच्या मुलींसाठी शाळेचे दार उघडण्यापेक्षा आपल्याच घराची घडी बदलू देणे अधिक अवघड असते, हे त्यावरून ध्यानात येते.

दिनकरराव डगमगले नाहीत. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांनी खर्चासाठी कर्ज दिले. दोन वर्षे पती इकडे आणि पत्नी तिकडे. बर्लिनमध्ये इरावतीबाई मानवी कवट्यांची मोजमापे घेत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशावंशांत उच्चनीच भेद मानणारे होते. शिष्येला मोजमापांत तसा भेद आढळला नाही, आणि जे आढळले तेच तिने निर्भयपणे लिहिले. १९३० साली डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या.

त्या काळी या दांपत्यास अद्याप मूल नव्हते, हेही विसरता कामा नये. मुले असलेल्या घराची कसोटी निराळी. आता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे, जे १९८९ साली स्थापन झाले, श्रीवर्धनमध्ये घरी राहूनही उच्च शिक्षण घेता येते. सोय मोठी, पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. आई डोळ्यांसमोर दिसते, म्हणून ती मोकळीच आहे असे सर्वांना वाटते! तिने वही उघडली, की कोणाचा सदरा सापडत नाही, कोणास चहा हवा असतो, आणि जो प्रश्न सकाळपासून कोणास सुचला नव्हता तो नेमका तेव्हाच सुचतो. बर्लिनला गेलेल्या माणसास निदान हाक ऐकू येत नाही.

अशा घरातील मुलगा कधी पाणी भरतो, ताटे उचलतो आणि "मी आईला मदत केली" असे सांगतो. मदत दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. ते पाणी तर त्यालाही प्यावयाचे आहे, आणि ताटांतील एक त्याचेच आहे! वडिलांचेही तसेच. आईच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनी भात लावला आणि तो करपला, तर सर्वांनी तो मुकाट्याने खावा, पण "पाणी किती घालावयाचे?" हे विचारण्यासाठी तिला पुस्तकावरून उठवू नये.