पाहुण्या मजकुराचा अधिकार

खोपटच्या एस.टी. डेपोजवळ कोणी ‘डेपोत भेटू’ म्हटले, तर कोणता डेपो हे विचारावे लागत नाही. तेच वाक्य कल्याणात उच्चारले, की डेपो बदलतो. बाहेरून आलेल्या वाक्यातील नावांचे अर्थ कोणत्या परिसरातून घ्यायचे, हाच प्रश्न जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत ‘इव्हॅल’मुळे उभा राहतो.

इव्हॅल अक्षरांच्या ओळीला आज्ञा मानून ती चालवते. एखाद्या फंक्शनच्या आत ते थेट वापरले, तर त्या फंक्शनची स्थानिक व्हेरिएबल्स पाहुण्या मजकुराला दिसतात. इतकेच नव्हे, तर ती बदलताही येतात. फंक्शनने ‘एकूण’मध्ये ५०० ठेवावेत आणि पाहुण्याने त्याचे शून्य करावे, मूळ फंक्शन वाचणाऱ्याला याचा मागमूसही लागत नाही. इव्हॅलला दुसरे नाव देऊन त्या नावाने बोलावले, तर मजकूर ग्लोबल व्याप्तीत चालतो. स्थानिक नावे बचावतात, सार्वजनिक नावे मात्र उघडीच राहतात.

भाषेच्या २००९ च्या पाचव्या प्रमाण आवृत्तीतील ‘स्ट्रिक्ट मोड’ने पाहुण्याची नवी नावे त्याच्यापुरती रोखली. यजमानाची जुनी नावे बदलण्याची मुभा थेट इव्हॅलला तरीही उरली. ही सुरक्षा अर्धीच आहे, असे आमचे मत आहे.

मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. इ.स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत पुढे नकलाकारांच्या हातून पाठभेद शिरले. एकनाथांनी १५८४ मध्ये ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. त्यांचा विरोध नव्या रचनेला नव्हता. मूळ संहितेत मिसळून तिचाच अधिकार मिरवणाऱ्या रचनेला होता.

इव्हॅल सोयीचे आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण केवळ माहिती हवी असेल, तर ‘जेसन पार्स’ ती माहिती म्हणूनच वाचते, आज्ञा म्हणून चालवत नाही. परका कोड चालवणे अटळच असेल, तर त्याला निर्बंध घातलेली वेगळी चौकट द्यावी आणि हवी तेवढीच मूल्ये निरोपासारखी हाती द्यावीत. फंक्शन वाचून त्याचा अर्थ कळावा, हा वाचकाचा हक्क आहे. चार ओळी वाचवण्यासाठी तो गहाण टाकू नये.