उमेदवारीच संपली तर?

जुलै २०२५ च्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने आपल्या मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, कपात करण्याचे घोषित केले, तेव्हा पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय घरांच्या पायाखालची एक वीट हलली. कपातीचा रोख प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीवर होता. ही कपात कृत्रिम बुद्धिमत्तेने वाढविलेल्या उत्पादकतेमुळे नसून कौशल्यांचा मेळ बसत नसल्यामुळे आहे, असा खुलासा कंपनीच्या प्रमुखांनी केला. खुलासा खरा मानला, तरी त्याने कोणाचे समाधान व्हावे? घराचे हप्ते चालू असताना, मुले दहावी-बारावीत असताना, पंचेचाळिशीच्या गृहस्थाला तुमचे कौशल्य आता उपयोगाचे नाही असे सांगितले जाते. त्याचे कारण यंत्र आहे की धोरण, हा त्याच्यासाठी शब्दांचा खेळ ठरतो.

या घटनेने एका जुन्या सवयीवरही बोट ठेवले आहे. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला महाराष्ट्रातील मध्यमवर्ग पूर्वी ‘बँकेत आहे’ असे उत्तर देई आणि गेली पंचवीस वर्षे ‘कंपनीत आहे’ असे देत आला. तो कोठे आहे हे सांगितले की तो काय करतो हे सांगावे लागत नसे. सुतार, वैद्य, पुरोहित, गवंडी यांची ओळख त्यांच्या हातातील कामाने होत होती. नोकरदाराची ओळख आस्थापनेच्या पाटीने होऊ लागली. पाटी उतरली की माणसाजवळ स्वतःचे असे काय उरते, हा प्रश्न आज उंबरठ्यावर उभा आहे.

यंत्राची भीती मात्र नवी नाही. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि संगणकाविरुद्ध देशभर मोर्चे निघाले. भारतीय मजदूर संघही त्या विरोधात आघाडीवर होता, हे लपविण्याचे कारण नाही. संगणक रोजगार गिळून टाकील हे भाकीत त्या स्वरूपात खरे ठरले नाही. उलट याच संगणकाने पुढे लक्षावधी मराठी तरुणांना रोजगार दिला. परंतु त्या विरोधाची केवळ टिंगल करणारे एक गोष्ट विसरतात. संघटना अडून बसल्या म्हणूनच यंत्रे टप्प्याटप्प्याने आली, खतावणीच्या यंत्रांवर बसणाऱ्यांना विशेष भत्ता मिळाला, आणि पेनाने लेजर लिहिणाऱ्या कारकुनाला पडद्यासमोर बसायला शिकण्याची उसंत मिळाली. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले, तेव्हाही हाती काही रक्कम आणि पाठीशी संघटना होती. तंत्रज्ञान कोणते, किती आणि कोणासाठी, हे राष्ट्राने आपल्या गरजा पाहून ठरवावे, ही दत्तोपंत ठेंगडी यांची भूमिका यंत्रद्वेषाची नव्हती. आजच्या अभियंत्याला ना तशी उसंत आहे, ना तशी संघटना.

मुद्रणव्यवसायातील स्थित्यंतर याहूनही बोलके आहे. खिळ्यांच्या केसपुढे दहा-दहा तास उभे राहून अक्षर अक्षर उलटे जुळवणारा जुळारी हा मराठी ग्रंथव्यवहाराचा कणा होता. ऐंशी-नव्वदच्या दशकांत फोटोटाइपसेटिंग आणि पाठोपाठ डीटीपी आले आणि ते हात रिकामे झाले. सगळ्यांचे मात्र सारखे झाले नाही. ज्याला केवळ खिळे जुळवता येत होते, तो मागे पडला. जुळवता जुळवता ज्याची नजर ऱ्हस्व-दीर्घावर बसली होती, ओळीतील पोकळी आणि पानाचा तोल ज्याला कळत होता, तो मुद्रितशोधक झाला, मांडणीकार झाला, कोणी स्वतःची दोन संगणकांची खोली थाटली. हाताचे काम गेले, पण कामाने कमावलेली नजर शिल्लक राहिली. ही नजर मात्र कोणत्याही वर्गात शिकविली गेली नव्हती. ती केसपुढच्या उमेदवारीतच आली होती.

आजच्या संकटाचे मर्म नेमके येथेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, तेव्हापासून संभाषण करणाऱ्या या प्रणालींनी प्रथम गिळायला घेतले ते नवशिक्याचे काम. सनदी लेखापालाच्या कार्यालयात व्हाउचर तपासणारा मुलगा, ज्येष्ठ वकिलासाठी निवाडे हुडकणारा कनिष्ठ, भाषांतराचा पहिला खर्डा करणारा होतकरू, संगणकीय आज्ञावलीतील बारीकसारीक चुका निस्तरणारा नवा अभियंता, या सर्वांची रटाळ कामे आता यंत्र काही क्षणांत करते. मालकाला ती बचत वाटते. परंतु ही रटाळ कामे म्हणजेच व्यवसायाची शाळा होती. दहा हजार व्हाउचरे तपासल्यावरच एखादे खोटे व्हाउचर हातात येताच खटकते. उमेदवारीची ही पायरी काढून घेतली, तर वीस वर्षांनी यंत्राची चूक ओळखणारा जाणता माणूस कोठून येणार?

आणि यंत्र चुकते. तेही मोठ्या आत्मविश्वासाने चुकते. या प्रणाली सत्य शोधत नाहीत, तर आधीच्या मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातात. म्हणून त्यांचे असत्यही सुसंगत आणि रुबाबदार असते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. ते परदेशातले म्हणून सोडून द्यावे, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करनिर्धारणाचा एक आदेश रद्द केला. करअधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निवाडे मुळात नव्हतेच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात प्रणालीने दिलेल्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नका, असे न्यायालयाने बजावले. आदेशाखाली सही मात्र माणसाचीच होती. यंत्राला दंड होत नाही, त्याची सनद रद्द होत नाही, त्याला चार लोकांत खाली पाहावे लागत नाही.

व्यावसायिकाने आपली ओळख या सहीपाशी शोधावयास हवी. पत्र लिहिणे, तक्ता भरणे, सारांश काढणे यांना यापुढे मोल उरणार नाही. ते बरोबर आहे हे पाहून त्याखाली नाव घालण्याला राहील. त्यासाठी विषय मुळापासून ठाऊक असावा लागतो. ज्याला फक्त एक संगणकभाषा येते, त्या अभियंत्यापेक्षा साखर कारखान्याचा हंगाम, सहकारी पतसंस्थेचे हिशेब किंवा जिल्हा रुग्णालयाचा कारभार जाणणारा अभियंता अधिक टिकेल. दहावीनंतर ‘संगणकच घे’ म्हणून मुलांना एकाच दारात ढकलणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. भाषा, इतिहास, वाणिज्य यांना दुय्यम मानण्याची चूक या समाजाने दोन पिढ्या केली आहे. नव्या साधनांशी अबोला धरण्यातही शहाणपण नाही. पन्नाशीच्या शिक्षकानेही रोज अर्धा तास ते हाताळावे, त्याला चुकवून पाहावे. त्याची मर्यादा कळली की भीतीही आटोक्यात येते.

प्रश्न केवळ व्यक्तीचा नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. नकारातून स्वावलंबनाची जिद्द जागली. आज मात्र कोणी नकार देत नाही. परदेशी प्रणाली आपण होऊन, प्रसंगी फुकट, दारात येतात, आणि म्हणूनच मोह मोठा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानाला संमती दिली, त्याआधी भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ सुरू झाली. दिशा योग्य आहे. परंतु मराठीतील दस्तऐवज, पोथ्या, बोली, व्यवसायांची परिभाषा यांची नीट सिद्धता मराठी माणसांनीच केली नाही, तर यंत्र मराठी बोलेल ते इंग्रजीचे उष्टे असेल. या कामाला भाषा जाणणारी हजारो माणसे लागतील, आणि ज्यांना आज कालबाह्य म्हटले जाते त्यांच्यातच ती आहेत.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनःकौशल्य निधीची तरतूद आहे. छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन या निधीत भरावयाचे आणि ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे. तत्त्व चांगले आहे. पंधरा दिवसांच्या वेतनात कोणते कौशल्य शिकता येते, हा भाग वेगळा. खरी पळवाट दुसरीकडे आहे. व्यवस्थापकीय काम करणारा कर्मचारी संहितेच्या दृष्टीने कामगारच नाही, आणि १८ हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही नाही. २०२५ मधील कपातीचा रोख ज्या फळीवर होता, तिच्यातील कितीतरी जण नेमके येथेच अडकतील. शिवाय बंद खोलीत बोलावून राजीनामा लिहून घेतला, की कागदावर ती छाटणी राहात नाही आणि निधीत एक रुपयाही पडत नाही. ‘उद्योगांचे श्रमिकीकरण’ ही घोषणा ज्यांनी सात दशके उरी बाळगली, त्या भारतीय मजदूर संघाने हिंजवडीच्या काचेच्या इमारतींकडे आता वळावे आणि दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याला छाटणीच मानावे, ही मागणी श्रम मंत्रालयापुढे ठेवावी.