कावळा बसला म्हणून फांदी मोडली?

‘सर्व्हिस वेळेवर नाही, वॉरंटी लागू नाही.’ जॉब कार्डाच्या तळाशी एवढी एक ओळ, तिच्याखाली पाच आकडी एस्टिमेट आणि सहीसाठी फुली मारलेली जागा. दोन-तीन वर्षांच्या मोटारसायकलचे इंजिन सीझ झाले की मालकाच्या हाती बहुधा हेच पडते. मग तो पुण्याचा असो की रायपूरच्या तेलीबांध्याचा. तेलीबांध्याचे नाव मुद्दाम घेतले. या भागात दुचाकीवाचून कोणाचे पान हलत नाही. जीई रोड इथून जातो आणि शहर ओलांडतो, त्याच रस्त्यावर अभियांत्रिकी शिकवणारी एनआयटी आहे, आणि जिल्हा व राज्य असे दोन्ही ग्राहक आयोग याच शहरात बसतात. म्हणजे वाद जिथे पेटतो तिथेच तो पुराव्यानिशी मिटवण्याची सोय आहे. तरीही बहुतेक वाद त्या फुलीच्या जागी सही करून संपतात, कारण ‘अट मोडली, हक्क गेला’ हे वाक्य ऐकणाऱ्याला बिनतोड वाटते. ते बिनतोड नाही. वॉरंटी नाकारणाऱ्याने दोन गोष्टी दाखवायला हव्यात: अट मोडली गेली, आणि ती मोडल्यामुळेच हा भाग निकामी झाला. पहिली दाखवायची आणि दुसरी गृहीत धरायची, हा प्रकार कावळा बसला म्हणून फांदी मोडली म्हणण्यासारखा आहे.

पूर्वपक्षाला त्याचे सगळे बळ देऊन बोलू. वॉरंटी म्हणजे दान नव्हे, करार आहे. पुस्तिकेत स्पष्ट छापले आहे की ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या दिवसांत, जे आधी येईल तेव्हा, अधिकृत केंद्रातच सर्व्हिस करायची. गाडी घेताना ग्राहकाने ते स्वीकारले. मग कंपनीने आपला शब्द का पाळायचा? युक्तिवाद वजनदार आहे, पण करारातली प्रत्येक अट सारख्या तोलाची नसते, हे आपली न्यायालये फार पूर्वीपासून सांगत आली आहेत. विम्यातले उदाहरण घ्या. एका मालवाहू गाडीत पॉलिसीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त माणसे बसली होती, अपघात झाला, विमा कंपनीने अट मोडली म्हणून दावा फेटाळला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले की जास्तीची माणसे बसल्यामुळे टक्कर झाली का? झाली नसेल, तर केवळ तेवढ्यावर दावा बुडवता येणार नाही. अपवादाच्या कलमात प्रकरण बसते हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो, हेही त्याच न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. विमा आणि वॉरंटी एक नव्हेत, हे मान्य. पण दोन्हींत पैसे आधी घेतलेले असतात, अटी एकट्या कंपनीने लिहिलेल्या असतात आणि ग्राहकाला त्यातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. तर्क इथे लागू होऊ नये असे कारण मला दिसत नाही.

वाहनांच्या बाबतीत तर हा तर्क नुसता लागू पडण्याजोगा आहे एवढेच नाही, तो थेट मांडला गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून धरल्याचा तो ठपका होता. दंडाचा आकडा वर्तमानपत्रांत गाजला, पण सामान्य वाहनधारकाच्या कामाचा भाग मागे पडला. ग्राहक स्वतंत्र गॅरेजात गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. यावर कंपन्यांचे वकील दोन उत्तरे देतात. हा आदेश कारबद्दल होता, मोटारसायकलबद्दल नव्हे. आणि त्याला पुढे आव्हाने दिली गेली, काहींचा दंड अपिलात घटला. दोन्ही खरे आहे. म्हणून तेलीबांध्यातल्या कोणी हा आदेश म्हणजे हुकमी एक्का समजून खिशात घालू नये. पण दंड घटल्याने तर्क घटत नाही, आणि चाके चार असली तर कारण विचारायचे व दोन असली तर विचारायचे नाही, असा भेद कोणत्या न्यायात बसतो? दुचाकीचेच उदाहरण हवे तर अमेरिकेत आहे. तिथल्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यानुसार ठरावीक कंपनीचाच भाग किंवा ठरावीक ठिकाणचीच सेवा घेण्याच्या अटीला वॉरंटी सहसा बांधता येत नाही. २०२२ मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाने हार्ले-डेव्हिडसनवर याच कायद्याखाली कारवाई केली आणि बाहेर दुरुस्ती केल्याने वॉरंटी जात नाही, असे ग्राहकांना स्पष्ट कळवायला लावले. बाहेरच्या भागाने खरोखर नुकसान केले असेल तर नकार देण्याची मुभा तिथेही कंपनीला आहेच. कंपनीकडे मागायचे ते एवढेच, की नुकसानाचे कारण दाखवा.

आणि कारण दाखवणे अशक्य नाही, कारण इंजिन मुके नसते. वंगण कमी पडले तर पहिला मार बसतो हेडमधल्या कॅमशाफ्टला आणि रॉकरला, कारण ऑइल पंपापासून तेच सर्वांत लांब. कॅमच्या उंचवट्यावर ओरखडे पडतात, खाली कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग तापून निळे पडते. एअर फिल्टरमधून धूळ आत गेली असेल तर बोअर आणि रिंगा सगळीकडून सारख्याच झिजतात, राखाडी आणि मंद दिसतात. पाण्यात बुडालेल्या इंजिनाला स्टार्टर मारला तर पाणी दाबले जात नाही आणि रॉड वाकतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडून ज्वलन फार तापले तर पिस्टनचा माथा वितळतो, कधी भोक पडते. आता शेजारच्या टेबलावर दुसरे इंजिन ठेवा. कॅम चकचकीत आहे, बेअरिंग शाबूत आहे, बोअरवर कारखान्यात होनिंग करताना उमटलेली तिरकी जाळी अजून दिसते आहे. पण टायमिंग चेनचा टेन्शनर तुटला, चेन उडाली आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले. तिसरी सर्व्हिस चारशे किलोमीटर उशिरा झाली म्हणून हा टेन्शनर तुटला, असे म्हणायला धाडस लागते. जॉब कार्डावरची ओळ नेमके तेच धाडस करते, तेही टेन्शनरचे नाव न घेता.

वर्कशॉपमधला सर्वांत लाडका पुरावा म्हणजे बोटावर घेतलेले काळे ऑइल. ‘बघा, किती काळे आहे’ म्हटले की मालक ओशाळतो. वास्तविक इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि मळ धरून ठेवणारी द्रव्ये मुद्दाम मिसळलेली असतात. ऑइल काळे पडते ते बरेचदा आपले काम करत असल्यामुळे. ऑइल खरोखर संपले होते का, घट्ट गाळ झाले होते का, त्यात धातूचा चुरा किती आणि कोणत्या धातूचा, हे प्रयोगशाळा सांगते, बोट सांगत नाही. तसेच ‘बाहेरचे ऑइल’ या आरोपाचे. मोटारसायकलच्या बहुतेक इंजिनांत तेच ऑइल क्लचलाही भिजवते, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ हा दर्जा पाहायचा असतो. कारचे ऑइल घातले तर पहिली तक्रार क्लच घसरण्याची येते. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल नाक्यावरच्या मेकॅनिकने घातले आणि त्याचे बिल मालकाकडे आहे, तर ‘बाहेरचे’ हा शब्द पत्ता सांगतो, दोष सांगत नाही.

अलीकडे याच्या जोडीला पेट्रोल आले आहे. ‘इंधन खराब होते’ म्हणून हात झटकणे सोपे, कारण पंपवाला समोर नसतो. टाकीत पाणी किंवा भेसळ सापडली तर दोष कंपनीचा नाही, हे उघड आहे. पण मग टाकीतल्या पेट्रोलचा नमुना कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे. आणि रोख २० टक्के इथेनॉलकडे असेल तर उत्तर सोपे आहे. देशभर बहुतेक पंपांवर तेच मिळते, ते शासनाच्या धोरणाने मिळते, आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याला साजेशा साहित्याच्या असणे अपेक्षित आहे. ज्या इंधनाला व्यवहारात पर्यायच नाही ते भरले म्हणून ग्राहकाला दोषी धरणे हा कांगावा झाला.

आता खरा आक्षेप, जो मला सर्वांत जड वाटतो. ग्राहकही धुतल्या तांदळासारखे नसतात. क्लच दाबून रेस करणारे, ऑइलची पातळी वर्ष-वर्ष न पाहणारे, पावसात भरलेल्या अंडरपासमधून गाडी रेटणारे, आणि मग निरागस चेहऱ्याने काउंटरवर उभे राहणारे लोक आहेतच. त्यांचा भुर्दंड कंपनीने, म्हणजे पर्यायाने पुढच्या प्रामाणिक गिऱ्हाइकाने, का भरावा? मुळीच भरू नये. पण वर सांगितलेल्या खुणा याच लोकांना उघडे पाडतात. वाकलेला रॉड पाण्याची साक्ष देतो, जळालेला कॅम कोरड्या इंजिनाची. ज्या कंपनीची बाजू खरी आहे तिला कारण लेखी द्यायला भीती कसली? कारणाची मागणी लबाड ग्राहकाला अडचणीची आहे आणि लबाड नकारालाही. तारखेवरून दिलेला नकार मात्र दोघांत फरकच करत नाही: वेळेवर सर्व्हिस करून गाडीचा छळ करणारा सुटतो आणि पंधरा दिवस उशीर झालेला काळजीवाहू मालक अडकतो.

कायदेपंडित इथे हसून म्हणतील, हे सगळे ठीक, पण आयोगापुढे दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो आणि तज्ज्ञाचा अहवाल नसल्याने कित्येक तक्रारी पडतात. बरोबर आहे, म्हणूनच नुसत्या संतापाने भागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ मध्ये तरतूद आहे की तपासणीवाचून दोष ठरत नसेल तर आयोगाने नमुना घेऊन, सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा. शुल्क तक्रारदाराला भरावे लागू शकते. एका फियाट कारच्या इंजिनाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही निवाडा स्वतंत्र तज्ज्ञाच्या मतावर सोपवला होता. मार्ग आहे, पण नमुना शिल्लक असेल तर! इंजिन उघडते डीलरचे वर्कशॉप, मालकाच्या अपरोक्ष. ऑइल ड्रमात जाते, जुना पिस्टन भंगारात, आणि नंतर दोघेही एकमेकांना पुरावा मागत बसतात. जी वस्तुस्थिती एकाच पक्षाला खास ठाऊक आहे ती त्यानेच सिद्ध करावी, हे पुराव्याच्या कायद्यातले जुने तत्त्व आहे, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. ज्याने इंजिन उघडले, पाहिले आणि मोजमाप केले, त्याने काय पाहिले ते सांगावे, ही मागणी म्हणूनच अवाजवी नाही. मालकाचे काम एवढे, की उघडताना हजर राहायचे, फोटो काढायचे, ऑइल आणि निकामी भाग सील करून मागायचे.

मागणीही तोलूनमापून करावी. इंजिन गेले म्हणून नवी गाडीच द्या, असा हट्ट धरणाऱ्यांना मारुती उद्योगाच्या खटल्यातला २००६ चा निकाल आड येतो: वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे बंधन असेल तर हक्क तेवढाच. आणि तक्रारीत डीलर व उत्पादक दोघांनाही पक्ष करावे. गोव्यातल्या एका कारच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डीलरच्या कृत्याचा बोजा आपोआप उत्पादकावर पडत नाही असे ठरवले आहे. राहिली ती ‘गुडविल’. ‘लेबर माफ, पार्ट तुमचे’ असा देकार आला की बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. गरजेपोटी तो घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही, रोज कामावर जायला गाडी लागते. पण दावा खरोखर चुकीचा असेल तर ही मेहेरबानी कशासाठी, आणि बरोबर असेल तर निम्मीच का, हे एकदा तोंडावर विचारून पाहावे. निदान ‘माझी आता कोणतीही तक्रार नाही’ या मजकुराखाली सही करू नये.

तेलीबांध्यात राहणाऱ्याला कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याची फिकीर करायचे कारण नाही. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवावी. आणि एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी सर्व्हिस मॅनेजरकडून एकच कागद मागा: कोणता भाग गेला, कशाने गेला, आणि आमच्या कोणत्या चुकीने गेला. कागद मिळाला तर तो तज्ज्ञापुढे ठेवा. मिळाला नाही, तर ‘लेखी कारण मागितले, दिले नाही’ हेच तारखेसह तक्रारीचे पहिले कलम करा.